शनिवारचा पाटा

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, हा नियम राहुरीच्या निसळांच्या घरात सरकारी कायद्यांपेक्षा वरचा होता. सरकारी कायद्यात पळवाट निघते, सुचित्राबाईंच्या नियमात निघत नसे. साधी सांडशी घ्यायची झाली तरी त्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. एकदा ऑनलाइन मागवलेली कढई नेमकी शनिवारी आली, तेव्हा ती रविवार उजाडेपर्यंत शेजाऱ्यांच्या गॅलरीत मुक्कामाला होती. शेजाऱ्यांनी तेवढ्यात तिच्यात भजी तळून घेतली, पण त्याबद्दल सुचित्राबाईंची तक्रार नव्हती. वार पाळला गेला होता.

अशा बाईच्या नवऱ्याने, म्हणजे विष्णुपंतांनी, अख्खा ट्रक शनिवारी घरी आणला.

त्यात त्यांचा दोष नव्हता. ते ज्या पतसंस्थेत कारकून होते ती एक दिवस गुंडाळली गेली, आणि तिथल्या थकबाकीदारांच्या वस्तूंचा लिलाव निघाला. लिलाव सरकारी असल्यामुळे कोणी सुचित्राबाईंना वार विचारायला आलं नाही. विष्णुपंत गेले होते एक फायलींचं कपाट घ्यायला. परत आले ते सहा चाकांवर. शिकाऊ लायसनपासून पक्क्या लायसनपर्यंतचा त्यांचा प्रवास राहुरीत अजून सांगितला जातो, पण तो इथे सांगत नाही, कारण त्यात पोस्टाच्या पेटीचा संबंध येतो. एवढंच सांगतो, की ठेवलेले दोन्ही ड्रायव्हर पळून गेल्यावर निसळ घराण्यातले हे पंत, ज्यांचे आजोबा पंचक्रोशीत सत्यनारायण सांगायचे, ते स्वतःच स्टिअरिंगवर बसले. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच.

त्यानंतर ट्रकने एकेक अवयव दाखवायला सुरुवात केली. क्लच गेला. रेडिएटर फुटला. सेल्फ बसला. ट्रक महिनाभर राबून जे कमवायचा ते गॅरेजवाल्याला नेऊन द्यायचा, आणि विष्णुपंत या दोघांमध्ये केवळ मध्यस्थाचं काम करायचे. गल्लीतल्या प्रत्येकाचं यावर मत होतं. ज्यांनी जन्मात स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं ते इंजिनाविषयी बोलत, आणि ज्यांना स्कूटरही येत नव्हती ते ट्रकच्या मुहूर्ताविषयी. सुचित्राबाईंचं मत मात्र एकच होतं. काहीही मोडलं की त्या म्हणत, "शनिवारचं लोखंड." रेडिएटरच्या वेळी तर त्यांनी विष्णुपंतांना देवासमोर उभं केलं आणि यापुढे शनिवारी खिळासुद्धा घेणार नाही असा शब्द घेतला. विष्णुपंतांचा वारांवर विश्वास नव्हता. शब्दावर होता. आणि बायकोवर तर भीतीयुक्त विश्वास होता.

याच्या वरताण म्हणजे मेहुणे. शौनकरावांचं राहुरीच्या पेठेत साड्यांचं दुकान होतं आणि भाऊजींचं भलं करायची त्यांना फार हौस. गेल्या दिवाळीत गर्दीला मदत म्हणून त्यांनी विष्णुपंतांना दुकानात बसवलं. आधी गल्ल्यावर, मग घड्या घालायला, आणि शेवटी, माणसं कमी पडली म्हणून, पदर दाखवायला. साडी कशी दिसते हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून दुकानातला माणूस पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून उभा राहतो. विष्णुपंत मोरपंखी पैठणी अंगावर घेऊन उभे असताना त्यांच्याच पतसंस्थेचे जुने मॅनेजर सहकुटुंब आत आले. मॅनेजरांनी पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाले, "निसळ, जरा वळा बरं, मागून कशी दिसते." निसळ वळले.

तो प्रसंग विष्णुपंतांनी घरी सांगितला नव्हता. पण आता शौनकरावांनी ट्रकला गिऱ्हाईक आणलं होतं आणि दुकानात कायमची जागा देऊ केली होती. विष्णुपंतांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. राहुरीजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्याने त्यांना रविवारी दुपारी भरायला बोलावलं होतं. गाडी वेळेवर आली तर वर्षभराचं काम, नाही आली तर दुसऱ्या कोणाची गाडी. थोडक्यात, रविवारी दुपारपर्यंत ट्रक त्या गेटवर, नाहीतर सोमवारपासून खांद्यावर पैठणी.

आणि शनिवारी सकाळी, पाथर्डीला खत उतरवून रिकाम्या गाडीने परत येताना, सोनईच्या अलीकडे एका गतिरोधकावर खाड्‌कन आवाज झाला आणि ट्रक डाव्या अंगाला झुकला. खालचा पाटा तुटला होता. पाटा म्हणजे चाकावर गाडीचं ओझं पेलणारी लोखंडाची जाड, वाकवलेली पट्टी. पुढचा, डावा, मेन पाटा. दोन तुकडे.

आता वार शनिवार होताच, वर अमावास्या होती. शिंगणापूरला जाणारा सगळा महाराष्ट्र त्या रस्त्याने चालला होता, आणि त्यातला प्रत्येक जण थांबून, वाकून, चाकात डोकावून "पाटा तुटलाय" असं विष्णुपंतांना सांगून पुढे जात होता. एकाने अमावास्येला गाडी बाहेरच काढू नये असं सांगितलं. तो स्वतः गाडीतूनच सांगत होता. दुसऱ्याने ट्रकबरोबर फोटो काढला. बंदोबस्ताला असलेल्या ज्योती नावाच्या कॉन्स्टेबल बाई आल्या आणि गाडी इथे उभी करता येणार नाही म्हणाल्या. विष्णुपंतांनी सांगितलं की त्यांचीही इच्छा नेमकी तीच आहे. बाईंनी, इच्छा पुरेशी नाही, गाडी हलली पाहिजे, असं बजावलं. आज जड वाहनांना सकाळी आठनंतर या रस्त्यावर बंदी होती. विष्णुपंत म्हणाले, मी आठच्या आतच आलोय, फक्त अजून गेलेलो नाही. हा मुद्दा बाईंच्या परिपत्रकात नव्हता, त्यामुळे त्या थोडा वेळ विचारात पडल्या.

त्यांची सुटका आप्पासाहेबांनी केली. रस्त्याला लागूनच आप्पासाहेबांचं शेत आणि घर होतं. ऊस, कांदा, चार जनावरं, आणि अंगणात एक चिंच, जिच्याखाली बसून ते रस्त्यावरच्या वाहतुकीवर देखरेख करत. त्यांनी ट्रॅक्टर लावून ट्रक चिंचेखाली ओढून घेतला. तिथे आधीच एक ट्रक चारी बाजूंनी दगडांवर उभा होता. तो त्यांच्या भाच्याचा, पाथर्डीच्या कानिफनाथचा. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर न्यायचा हंगाम सुरू होईपर्यंत तो टायरं काढून इथे विश्रांतीला होता. शेजारी कानिफनाथही खाटेवर विश्रांतीलाच होता.

आप्पासाहेबांनी लगेच सोनईच्या स्पेअरपार्टच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, पाटा आहे, मिस्त्री आहे, तासाभरात दोन्ही पाठवतो. आप्पासाहेबांनी फोन विष्णुपंतांच्या हातात दिला. फक्त "पाठवा" एवढंच म्हणायचं होतं. विष्णुपंतांनी तोंड उघडलं, देवघर आठवलं, आणि तोंड मिटलं. नुसता मिस्त्री पाठवा, पाट्याचं कळवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मग खरी अडचण सांगावी लागली.

शहरात अशा अडचणीला लोक हसले असते. इथे कोणी हसलं नाही. उलट चिंचेखाली सगळे सावरून बसले. लोखंड, शनवार, त्यात अमुशा, म्हणजे प्रश्न साधा नव्हता. मग चर्चा सुरू झाली. आज घेऊन पैसे उद्या दिले तर? खरेदी घेण्यात असते का देण्यात? दुकानदाराने आणून टाकला आणि आपण नको म्हणालोच नाही तर? खाटेवरून कानिफनाथ म्हणाला, पाटा घरात कुठं जातोय, तो तर गाडीखाली जातोय. विष्णुपंतांना हा मुद्दा कायदेशीर वाटला, पण सुचित्राबाईंसमोर तो कसा ऐकू येईल याची कल्पना करून त्यांनी तो सोडून दिला.

तोडगा गोजरबाईंनी काढला. आप्पासाहेबांच्या मालकीणबाई त्या. चहाचे पेले गोळा करता करता म्हणाल्या, "इकत न्हाई घ्यायचं ना? मंग उसनं घ्या की. साखर सरल्यावर आमी काय दर येळंला दुकानात जातो व्हय? ह्यो कानिफाचा ट्रक बसलाय नुसता."

सगळे विष्णुपंतांकडे बघू लागले. आप्पासाहेब हात जोडून म्हणाले, "पंत, तुमी बामनाचे. उसनं चालतं का, तुमीच सांगा."

इथे विष्णुपंतांनी आयुष्यातली मोठी चूक केली. त्यांना शास्त्रातलं काहीही येत नव्हतं. आजोबांची पोथी त्यांनी फक्त झुरळांपासून वाचवली होती. पण सकाळपासून ते "ओ ड्रायव्हर, गाडी हलवा" एवढंच ऐकत होते, आणि आता चार माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, आणि पतसंस्थेचे पोटनियम वाचायच्या आवाजात सांगितलं की ज्यात मोबदला नाही ती खरेदी नाही, ज्यात खरेदी नाही त्यात दोष नाही, आणि अडलेल्याला उसनं देणं तर आजच्या दिवशी मोठं पुण्याचं.

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःचं जोडलं होतं. ते जोडायला नको होतं.

सोनईहून मिस्त्री आला. कानिफनाथच्या ट्रकचा पाटा निघाला, विष्णुपंतांचा ट्रक जॅकवर चढला. काम अर्ध्यावर आलं असताना शिंगणापूरहून परतणाऱ्या एका जीपचा ड्रायव्हर धावत आला. त्याचं चाक पंक्चर झालं होतं आणि जॅक घरी राहिला होता. इथे एक पंडित ट्रकवाले आहेत आणि आज उसनं देणं पुण्याचं आहे असं म्हणतात, असं त्याला रस्त्यावर कळलं होतं. विष्णुपंतांनी आपल्या जॅककडे पाहिलं. जॅकवर त्यांचा ट्रक होता. चिंचेखालची मंडळी त्यांच्याकडे बघत होती. अर्ध्या तासापूर्वीचा त्यांचा निकाल अजून हवेत होता. मग दगड गोळा करून ट्रकखाली रचले गेले, आणि जॅक गेला. आता चिंचेखाली दोन ट्रक शेजारी शेजारी दगडांवर उभे होते.

पुढे दुपार अशी गेली, की विष्णुपंतांच्या ट्रकला एकीकडून एक पाटा जोडला जात होता आणि दुसरीकडून बाकीचा ट्रक निघून जात होता. आप्पासाहेबांच्या सूनबाई मोनिका गावातल्या बायांना घेऊन भाविकांना साबुदाण्याची खिचडी वाटत होत्या, डोक्यावर ऊन आलं, त्यांनी ताडपत्री नेली. ज्योती कॉन्स्टेबल पार्किंगला हद्द आखायला दोर घेऊन गेल्या. सरकारसुद्धा आपल्याकडून उसनं नेतंय, या विचाराने विष्णुपंतांची मान थोडी ताठ झाली, पण दोर तर गेलाच. ट्रॅक्टरची बॅटरी बसल्यावर आप्पासाहेब स्वतः डोकं खाजवत आले. त्यांनीच ट्रक ओढून आणला होता, त्यांच्याच घरचं जेवण पोटात होतं, त्यामुळे तिथे निकालाचीही गरज पडली नाही. आप्पासाहेबांची म्हातारी आत्या मुक्ताबाई टेम्पोतून घोडेगावला परत निघाली होती. टेम्पोत बसायला नुसता पत्रा, आणि तिची कंबर दुखत होती. विष्णुपंतांनी आपल्या हाताने ड्रायव्हरची सीट काढून दिली. फक्त एकदा त्यांनी नाही म्हटलं. एका माणसाने समोर टांगलेलं लिंबू-मिरची मागितलं, तेव्हा ही वस्तू उसनी देता येत नाही असा त्यांनी पहिला आणि शेवटचा कडक निकाल दिला.

मधल्या काळात सुचित्राबाईंचे फोन येत होते. पहिल्याला त्यांनी गर्दी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्याला आणखी गर्दी आहे म्हणून. तिसरा आला तेव्हा ते ट्रकखाली होते. तो गोजरबाईंनी घेतला. गोजरबाईंना फोनवर हळू बोलणं माहीत नव्हतं आणि खोटं बोलणं त्याहून माहीत नव्हतं. त्यांनी पाटा कोणता, कुठल्या बाजूचा, गाडी कुणाच्या चिंचेखाली, सगळं सांगून टाकलं. पलीकडून फोन बंद झाला. विष्णुपंत ट्रकखालून बाहेर आले आणि हे कळल्यावर पुन्हा ट्रकखाली गेले.

आता काय होणार ते त्यांना दिसत होतं. शनिवार, अमावास्या, लोखंड, आणि वर खोटं. बायको भावाला फोन करणार, भाऊ गिऱ्हाइकाला, आणि ट्रक दगडांवरून थेट विकला जाणार. उन्हं कलली तेव्हा राहुरीकडून एक मालवाहू रिक्षा आली आणि आप्पासाहेबांच्या अंगणात वळली. पुढे ड्रायव्हरशेजारी सुचित्राबाई बसल्या होत्या. कपाळाला घाम, मांडीवर चकलीचा डबा. मागे रिक्षात, गोणपाटात गुंडाळलेला, एक कोरा करकरीत पाटा होता.

विष्णुपंत काळ्या हातांनी तसेच उभे राहिले. त्यांना आधी वाटलं, ऊन लागलं.

"पुढचा, डावा, मेन," सुचित्राबाई म्हणाल्या. "हाच ना?"

"हाच. पण अगं, आज..."

"वार मला माहीत आहे."

"तू दुकानात गेलीस? लोखंडाच्या?"

"गेले. दुकानदार तीनदा म्हणाला, वहिनी, आज शनिवार, उद्या न्या. मी म्हटलं, माणूस आज अडलाय."

चिंचेखाली बसलेल्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, पण कान तिथेच ठेवले. विष्णुपंतांनी हात पँटला पुसले. वर्षभर जे मनात होतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मला वाटलं, तुलाच गाडी विकायची आहे."

सुचित्राबाईंनी डबा गोजरबाईंच्या हातात दिला आणि पदर खोचला. "दिवाळीत तुम्ही शौनकच्या दुकानातून घरी आलात," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, दमलात का. तुम्ही नाही म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. भाऊबीज होईस्तोवर तसेच होतात. पैठणीचं मला मॅनेजरांच्या बायकोने सांगितलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत राहिले. तो भिंतीकडे बघणारा माणूस मला पुन्हा घरात नकोय. हा चालेल. हात काळे केलेला, फोनवर खोटं बोलणारा, रोज काहीतरी मोडून आणणारा. निदान जेवताना बोलतो तरी."

विष्णुपंतांनी काळे हात पुन्हा पँटला पुसले. "आणि नियम?" त्यांनी विचारलं.

"नियम माझा आहे. माझं मी बघीन. तुम्ही पाटा बसवा."

मिस्त्रीने नुकताच कानिफनाथचा पाटा बसवून हात धुतले होते. त्याने सुचित्राबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा पाना उचलला. कानिफनाथचा पाटा निघाला, नवा बसला, आणि कानिफनाथचा परत त्याच्या ट्रकला गेला. उसनं परत करताना भांडं रिकामं द्यायचं नाही, ही रीत निसळांच्या घरात होतीच. पाटा हे भांडं नाही असा मुद्दा विष्णुपंतांनी काढून पाहिला, पण सुचित्राबाईंनी चकलीचा अर्धा डबा कानिफनाथच्या ओंजळीत रिता केला. मग त्या सहज म्हणून ट्रकच्या केबिनमध्ये डोकावल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सीट कुठे आहे?"

त्याच्यामागोमाग ताडपत्री कुठे आहे, दोर कुठे आहे, जॅक कुठे आहे आणि बॅटरी कुठे आहे असे प्रश्न आले. विष्णुपंतांनी आपला निकाल त्यांना समजावून सांगितला, मोबदल्यापासून पुण्यापर्यंत. सुचित्राबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे एका पाट्यासाठी तुम्ही ट्रक वाटून टाकलात, एवढाच त्यांनी सारांश काढला. आप्पासाहेबांनी मध्ये पडून सांगितलं की सगळं सकाळी परत येईल, आमच्याकडचा माणूस उसनं बुडवत नाही. जीपवाला मात्र आमच्याकडचा न्हाई, असंही त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं. रात्री दोघांना गोजरबाईंकडे राहावं लागलं.

रविवार उजाडला आणि विष्णुपंत चिंचेखाली येऊन उभे राहिले. गेटवर दुपारी पोचायचं होतं, आणि त्यांचा ट्रक नव्या पाट्यावर, दगडांच्या आधाराने, बाकी सगळ्याची वाट बघत उभा होता. आधी ज्योती कॉन्स्टेबल ड्यूटी संपवून दोर घेऊन आल्या, आणि दोराबरोबर बंदोबस्ताच्या जेवणात उरलेली बालूशाहीची पुडी. मग मोनिका ताडपत्री घेऊन आल्या, ताडपत्रीत एक डांगर आणि घरची वांगी. निसळांनी जी रीत पाळली तीच इथल्या प्रत्येक घराची रीत होती, हे विष्णुपंतांच्या आत्ता लक्षात येत होतं. जीपवाला येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तो आला. जॅक देताना प्रसादाचा नारळ दिला, आणि त्याच्या जीपमध्ये बसलेल्या रंगुबाई नावाच्या एका म्हातारीने, कालच्या उपकाराची फेड म्हणून, खिडकीतून एक जिवंत कोंबडी विष्णुपंतांच्या हातात दिली. रोज अंडं देती, म्हणाली. निसळांच्या कुळात कोंबडीशी कोणाचा व्यवहार झालेला नव्हता. विष्णुपंतांनी ती पाठ्यपुस्तक धरावं तशी दोन्ही हातांत सरळ धरली.

बॅटरी येईना. आप्पासाहेब लांबच्या रानात गेले होते. विष्णुपंत रस्त्यापर्यंत जाऊन येत होते, मग चिंचेपर्यंत, मग पुन्हा रस्त्यापर्यंत. त्यांच्या डोळ्यांसमोर मोरपंखी रंग तरळू लागला होता. सूर्य चांगला वर आल्यावर आप्पासाहेब आले, बॅटरी आणली, आणि तिच्याबरोबर बाजरीचं पोतं आणि कांद्याची गोणी. उशीर बाजरीमुळे झाला असं त्यांनी सांगितलं. बॅटरी तर त्यांनी पहाटेच काढून ठेवली होती, पण नुसती कशी आणायची.

सीट मात्र आली नाही. घोडेगावहून निरोप आला की मुक्ताबाईंच्या कमरेला फार आराम पडला आहे. आप्पासाहेबांनी मान खाली घातली. विष्णुपंतांनी बाजरीचं पोतं उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि त्याच्यावर बसून गाडी सुरू केली. सुचित्राबाई शेजारी बसल्या, पायाशी कांदे, मांडीवर डांगर, आणि डांगरावर कोंबडी. ट्रक रस्त्याला लागला तेव्हा सगळं अंगण हात हलवत होतं. सोनईच्या अलीकडचा तो गतिरोधक आता मागे राहिला होता, तरी पुढचा प्रत्येक गतिरोधक विष्णुपंतांनी पायी चालल्यासारखा पार केला.

कारखान्याच्या गेटवर ते पोचले तेव्हा वजनकाट्यावरचा माणूस जेवायला उठायच्या बेतात होता. तुमच्यासाठीच थांबलोय, पाच मिनिटांत दुसरी गाडी बोलावणार होतो, असं तो म्हणाला. गाडी काट्यावर घ्यायची होती. पण आधी रिकामी. भरायच्या आधीचं वजन एकदम रिकाम्या गाडीचं लागतं, असा नियम होता. त्याने केबिनमध्ये पाहिलं आणि हे सगळं उतरवा म्हणाला. विष्णुपंतांनी ही घरची भेट आहे असं सांगितलं. तो म्हणाला, नियमात भेटीचा कॉलम नाही. मग गेटच्या भिंतीशी बाजरी, कांदे, डांगर, वांगी, नारळ आणि बालूशाही अशी रांग लागली, आणि तिच्यावर राखण करत सुचित्राबाई सावलीत बसल्या. कोंबडीही वजनात येते का, यावर थोडी चर्चा झाली. येते, असं ठरलं. पोतं गेल्यामुळे बसायला काहीच उरलं नाही. विष्णुपंतांनी अर्धवट वाकून, उभ्या उभ्या, ट्रक काट्यावर चढवला. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून पाहिलं आणि सवय आहे का म्हणून विचारलं. विष्णुपंत म्हणाले, दिवाळीत उभं राहायची सवय झाली.

पशुखाद्याच्या पोत्यांची पहिली चळत गाडीत पडली तेव्हा सुचित्राबाईंचा फोन वाजला. शौनकराव होते. आवाज मोठा होता, त्यामुळे काट्यापर्यंत ऐकू येत होता. गिऱ्हाईक तयार आहे, आज संध्याकाळी गाडी बघायला येतो, भाऊजींना सांग, आणि सोमवारी दुकान नऊला उघडतं.

विष्णुपंतांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"गाडी विकायची नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "तिला कालच नवा पाटा घेतलाय. मी घेतला."

शौनकराव बहिणीला लहानपणापासून ओळखत होते. शनिवारी आलेली तिची कढई शेजाऱ्यांच्या गॅलरीत मुक्कामाला होती, हेही त्यांना ठाऊक होतं.

"ताई," ते म्हणाले, "काल शनिवार होता."

"होता," सुचित्राबाई म्हणाल्या, आणि फोन पिशवीत टाकून कोंबडीचे सुटलेले पाय पुन्हा बांधायला लागल्या.